चूक झाल्यावर मेंदूत काय होतं, आणि ते किती भरवशाने मोजता येतं?



'चूक केली की मेंदू वाढतो' हे वाक्य गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचलं आहे. प्रशिक्षणाच्या स्लाइडवर, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, पालकसभेतल्या भाषणात. सोबत बऱ्याचदा दोन डोक्यांचं एक चित्र असतं. एका डोक्यात लाल रंग जास्त, दुसऱ्यात कमी. खाली लिहिलेलं असतं की पहिला माणूस चुकांमधून शिकतो आणि दुसरा शिकत नाही.

वाक्य गोड आहे, हेतूही चांगला आहे. मुलांनी चुकायला घाबरू नये याबद्दल आपल्यात दुमत असायचं कारणच नाही. पण ते चित्र कशाचं आहे, ते कसं काढलं जातं आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चूक झाली की मेंदूत एक ठरावीक हालचाल होते, हे खरं आहे आणि ती मोजताही येते. पण शंभर माणसांच्या गटाबद्दल जे भरवशाने सांगता येतं, तेच एका मुलाबद्दल सांगता येईल असं नाही. म्हणून मापन किती विश्वसनीय आहे हे कळल्याशिवाय मेंदूच्या आलेखावरून कोणत्याही मुलाला शिक्का मारू नये. आणि हा नियम फक्त प्रयोगशाळेला नाही, आपल्या गुणतक्त्यालाही लागू आहे.

ही लहर सापडली कशी?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या अगदी सूक्ष्म बदलांतून बोलतात. या बदलांचा काही भाग कवटीवरच्या त्वचेपर्यंत पोचतो. तिथे धातूच्या छोट्या चकत्या लावून तो नोंदवायचा, याला ईईजी म्हणतात. फिट येणाऱ्या मुलांची ही तपासणी करतात, त्यामुळे हे नाव अनेक पालकांना माहीत असेल. जर्मनीतल्या येना शहरातले मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाची अशी पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली.

चुकांचा विषय त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. १९९० च्या सुमारास दोन गट एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच गोष्टीपाशी पोचले. जर्मनीत डॉर्टमुंडला मायकेल फाल्केनस्टाइन आणि त्यांचे सहकारी, आणि अमेरिकेत विल्यम गेहरिंग आणि त्यांचे सहकारी. प्रयोगातल्या माणसाने घाईत चुकीचं बटण दाबलं, की त्यानंतर साधारण ५० ते १०० मिलिसेकंदांत डोक्याच्या मधल्या, किंचित पुढच्या भागावर विजेची एक खाली जाणारी लहर दिसते. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत. 'अरे, चुकलं!' असं तोंडातून निघायच्या कितीतरी आधी. या लहरीला ईआरएन असं नाव आहे. आपण सोयीसाठी तिला चूक-लहर म्हणू.

तिच्यामागून, चुकीनंतर साधारण २०० ते ४०० मिलिसेकंदांत, वर जाणारी दुसरी एक लहर येते. आपण चुकलो हे माणसाच्या लक्षात आलं असेल तर ही दुसरी लहर जास्त ठळक दिसते. म्हणून तिचा संबंध चुकीची जाणीव होण्याशी आणि चुकीकडे लक्ष देण्याशी जोडतात. या दोन लहरी वेगळ्या आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

प्रयोगात चुका कशा घडवून आणतात? काम मुद्दाम सोपं पण घाईचं देतात. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं काम म्हणजे बाणांचं. पडद्यावर एका ओळीत पाच बाण येतात. फक्त मधला बाण कोणत्या दिशेला आहे ते ओळखून डावं किंवा उजवं बटण दाबायचं. कधी बाजूचे बाण त्याच दिशेला असतात, कधी उलट. उलट असले की गडबड होते. असलं काम अक्षरं वापरून एरिक्सन दांपत्याने १९७४ मध्ये पहिल्यांदा मांडलं. नियम सगळ्यांना समजलेला असतो, तरीही हात चुकतो. आपल्याकडे हातचा घ्यायचा माहीत असूनही घाईत विसरतो ना, त्यातलाच प्रकार.

गोंगाटातून लहर वेगळी कशी काढतात?

इथून खरी अडचण सुरू होते. चूक-लहर असते साधारण ५ ते १० मायक्रोव्होल्टची. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. डोळ्यांची एक उघडझाप याच्या दहापट आणि त्याहूनही मोठा धक्का नोंदीत उमटवते. दात आवळले, मान हलवली, कपाळाला आठ्या घातल्या, तरी नोंद बिघडते. खोलीतल्या विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण असतेच. शिवाय मेंदू त्या क्षणी इतर हजार कामं करतच असतो.

म्हणजे एकाच चुकीची नोंद बघून काहीही कळत नाही. मग करतात काय? अनेक चुकांच्या नोंदी घेतात, बटण दाबल्याचा क्षण प्रत्येक नोंदीत एकाखाली एक जुळवतात आणि सरासरी काढतात.

शाळेतलं उदाहरण घेऊ. समजा रोजच्या परिपाठात प्रार्थना चालू असताना रस्त्यावरून गाड्या जातात. कधी ट्रॅक्टर, कधी एसटी, कधी भंगारवाल्याची आरोळी. तीस दिवसांचं ध्वनिमुद्रण घेतलं आणि प्रार्थनेचा पहिला शब्द बरोबर जुळवून तीसही दिवस एकमेकांवर ठेवले. प्रार्थना रोज त्याच वेळी तीच आहे, म्हणून ती स्पष्ट ऐकू येईल. ट्रॅक्टर रोज वेगळ्या वेळी येतो, म्हणून सरासरीत त्याचा आवाज विरून जाईल. चूक-लहर अशीच बाहेर काढतात.

यामागचं गणित साधं आहे. नोंदींची संख्या वाढली की गोंगाट तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. समजा एका नोंदीतला गोंगाट २० मायक्रोव्होल्ट आहे. ४ चुकांची सरासरी घेतली तर तो १० वर येईल. १६ चुका मिळाल्या तर ५ वर. २ पर्यंत आणायचा तर १०० चुका लागतील. गोंगाट निम्मा करायचा तर चुका चौपट हव्यात.

आता शिक्षकाच्या नजरेने बघा. एका मुलाला ३०० वेळा बाण दाखवले. मूल दहा टक्के वेळा चुकलं, तर ३० चुका मिळाल्या. त्यांतल्या दहा उघडझाप आणि हालचालीत खराब झाल्या, उरल्या २०. दुसरं मूल सावध आहे, जपून बटण दाबतं. त्याच्या सगळ्या मिळून सहाच चुका. त्यांतल्या दोन खराब. उरल्या चार. म्हणजे जे मूल कमी चुकतं, त्याच्या चूक-लहरीबद्दल आपल्याला सगळ्यात कमी माहिती असते. वीस चुकांची सरासरी आणि चार चुकांची सरासरी एकाच तक्त्यात शेजारी लिहिली, तर ती तुलना न्याय्य आहे का? एका मुलाचे गुण वीस प्रश्नांवरून आणि दुसऱ्याचे चार प्रश्नांवरून काढण्यासारखंच झालं हे.

मोजायची पद्धतही फसवू शकते. लहरीचं सर्वांत टोकाचं शिखर पकडून मोजलं, तर जिथे गोंगाट जास्त तिथे शिखर आपोआप उंच दिसतं. मग कमी चुका करणाऱ्या मुलाची लहर मोठी आहे असा भास होतो, आणि तो भास निव्वळ गोंगाटाचा असू शकतो. म्हणून एका ठरावीक वेळेच्या पट्ट्यातली सरासरी उंची मोजणं जास्त सुरक्षित मानतात.

'सहा चुका पुरतात' हा नियम

मग किती चुका पुरेशा? २००९ मध्ये 'सायकोफिजिऑलॉजी' या नियतकालिकात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास आला. सहा ते आठ चुका मिळाल्या तरी लहरींचं मापन स्थिर होतं, असा त्याचा निष्कर्ष होता. संशोधकांना मोठा आधार मिळाला. प्रयोग लहान ठेवता येणार, कमी चुकणारी माणसंही अभ्यासात राहणार. हळूहळू 'किमान सहा चुका' हा जणू नियमच झाला. ज्याच्या सहा चुका झाल्या तो अभ्यासात, ज्याच्या पाच झाल्या तो बाहेर.

याला पुढे विरोध झाला. पीटर क्लेसन आणि ग्रेगरी मिलर यांनी २०१७ मध्ये ठामपणे मांडलं की असा सर्वांसाठी एकच आकडा असू शकत नाही. विश्वसनीयता हा यंत्राचा किंवा लहरीचा कायमचा गुण नाही. ती त्या गटातल्या, त्या कामातल्या, त्या दिवशीच्या गुणांची असते. म्हणून प्रत्येक अभ्यासाने आपल्या स्वतःच्या नोंदींची विश्वसनीयता काढून ती जाहीर करावी. दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबू नये.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे दोन शब्द आपण डी.एड., बी.एड.ला घोकले आहेत. शाळेत आरोग्य तपासणीला वजनकाटा आणला. एकाच मुलाला लागोपाठ तीनदा उभं केलं आणि २४, २७, २२ किलो असं वजन आलं, तर तो काटा विश्वसनीय नाही. नेहमीच दोन किलो जास्त दाखवत असेल, तर तो विश्वसनीय आहे पण सप्रमाण नाही. मेंदूची लहर खरोखर शिकण्याशी जोडलेली आहे का, हा सप्रमाणतेचा प्रश्न. तो फार पुढचा. आधी लहर पुन्हा मोजली तर तेवढीच येते का, हे बघायचं.

आणि विश्वसनीयता गटावर अवलंबून कशी असते? आपली ४० गुणांची गणिताची चाचणी घ्या. मिश्र वर्गात कुणाला १२, कुणाला २५, कुणाला ३८. त्या चाचणीने मुलांचा क्रम बऱ्यापैकी भरवशाने लागतो. तीच प्रश्नपत्रिका शिष्यवृत्तीच्या तयारीला बसलेल्या वीस मुलांना द्या. सगळ्यांना ३६ ते ४० मिळतील. आता ३८ वाला ३७ वाल्यापेक्षा हुशार आहे का? उद्या परत चाचणी घेतली तर क्रम उलटा येईल. प्रश्नपत्रिका तीच, पण विश्वसनीयता वेगळी.

ती काढण्याची रीतही आपल्या ओळखीची आहे. सम-विषम पद्धत आठवते? चाचणीतल्या सम क्रमांकाच्या प्रश्नांचे गुण वेगळे, विषमचे वेगळे, आणि दोहोंतला सहसंबंध. मग स्पिअरमन आणि ब्राउन यांनी १९१० मध्ये दिलेल्या सूत्राने पूर्ण चाचणीची विश्वसनीयता. ईईजीवालेही हेच करतात. मुलाच्या सम क्रमांकाच्या चुकांची एक सरासरी, विषम क्रमांकाच्या चुकांची दुसरी. एका अर्ध्यात ज्याची लहर मोठी, त्याची दुसऱ्या अर्ध्यातही मोठी आहे का? नसेल, तर त्या आकड्यावरून मुलांची तुलना करण्यात अर्थ नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. चूक-लहर बालपणापासून तारुण्यापर्यंत वयाबरोबर वाढत जाते. मुलं स्थिर बसत नाहीत, पापण्या जास्त मिटतात, कंटाळतात. कॉलेजच्या मुलांवरून काढलेला आकडा दुसरीतल्या मुलाला लावणं म्हणजे दहावीचं उत्तीर्णतेचं माप बालवाडीला लावणं.

आणखी एक सापळा आहे, आणि तो आपल्याही रोजच्या कामातला आहे. संशोधक कधी कधी चुकीच्या वेळची लहर वजा बरोबर उत्तराच्या वेळची लहर असा फरक काढतात. विचार योग्य आहे, पण दोन्ही मापं एकमेकांशी जवळून जोडलेली असली की वजाबाकीत समान भाग निघून जातो आणि दोन्हीकडचा गोंगाट मात्र उरतो. फरकाची विश्वसनीयता मूळ मापांपेक्षा कमी येऊ शकते. आपण पायाभूत चाचणी आणि नंतरची चाचणी यांतला फरक काढून 'या मुलाची प्रगती तीन गुणांनी झाली' असं लिहितो, तेव्हा हेच घडत असतं. तीन गुण प्रगतीचे की गोंगाटाचे, हे एका वजाबाकीवरून कळत नाही.

गट वेगळा, मूल वेगळं

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कुणी म्हणेल, 'ही लहर तर तीस-पस्तीस वर्षं जगभर सापडते आहे, मग ती अविश्वसनीय कशी?' प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की 'लहर आहे का' आणि 'कुणाची लहर किती मोठी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

क्रेग हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या कोड्यावर एक निबंध लिहिला. बाणांच्या कामासारखी मानसशास्त्रातली कितीतरी कामं गटात हमखास अपेक्षित परिणाम दाखवतात. पण तीच कामं माणसामाणसांतला फरक मोजायला वापरली की त्यांची विश्वसनीयता घसरते. कारण सोपं आहे. परिणाम हमखास दिसतो, कारण तो जवळजवळ सगळ्यांमध्ये सारखाच असतो. सगळे सारखे असले तर क्रम कसा लावणार? त्यांचा निबंध बटण दाबायच्या वेगाबद्दल आणि अचूकपणाबद्दल आहे, मेंदूच्या लहरींबद्दल नाही. पण इशारा इथेही लागू पडतो.

चूक-लहरीची बाजूही मांडायला हवी. पुरेशा चुका, नीट घेतलेल्या नोंदी आणि बाणांसारखं काम असलं, तर ही लहर माणसामाणसांतला फरकही बऱ्यापैकी स्थिरपणे दाखवते, असे अभ्यास आहेत. म्हणून ती टाकाऊ नाही. पण संशोधनातल्या गटांसाठी 'बऱ्यापैकी' पुरतं. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात लिहायला 'बऱ्यापैकी' पुरत नाही.

आणि मोठी लहर म्हणजे चांगली लहर असंही नाही. अनेक अभ्यासांत सतत काळजी करणाऱ्या माणसांची पहिली लहर जास्त मोठी आढळली आहे. पण इथेही सावधगिरी हवी. ब्लेअर सॉन्डर्स आणि मायकेल इन्झ्लिक्ट यांनी २०२० मध्ये हे अभ्यास एकत्र तपासले. अपेक्षित निकाल आलेले अभ्यास छापले जातात आणि न आलेले कपाटात राहतात, याची छाया त्यांना या विषयावर दिसली. म्हणजे हा संबंध वाटला होता तेवढा पक्का नसावा. तेव्हा कुणी आलेख दाखवून 'तुमच्या मुलाची लहर मोठी आहे, छान!' असं म्हणालं, तर ते छान आहे की काळजीचं आहे, हेच मुळात ठरलेलं नाही.

मग त्या दोन डोक्यांच्या चित्राचं काय?

ते चित्र बहुतेक वेळा २०११ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासावरून येतं. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या जेसन मोझर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास. विषय होता कॅरल ड्वेक यांची 'वाढीची मनोवृत्ती', म्हणजे बुद्धी प्रयत्नाने वाढते असं मानणं. ज्यांचा तसा विश्वास जास्त होता त्यांची चुकीनंतरची दुसरी लहर मोठी होती, आणि चुकीनंतरच्या पुढच्या उत्तरात ते जास्त अचूक होते.

अभ्यास चांगला आहे. त्याच चमूने पुढे शाळकरी मुलांवरही तसं काम केलं. पण तीन गोष्टी नीट बघा. एक, त्या पहिल्या अभ्यासात माणसं होती २५, आणि तीही महाविद्यालयीन. दोन, मोजली होती विजेची लहर. मेंदूची वाढ मोजलीच नव्हती. ईईजीने वाढ मोजताच येत नाही. तीन, रंगांचं चित्र हे गटाच्या सरासरीचं असतं. ते कुणा एका माणसाचं डोकं नसतं. 'चूक केली की मेंदू वाढतो' हे वाक्य या अभ्यासातून निघत नाही. फार तर एवढं निघतं, की चुकीकडे लक्ष देण्याचा आणि पुढचं उत्तर सुधारण्याचा संबंध असावा. आणि हे तर कुठल्याही अनुभवी शिक्षकाला पटेल.

निकालाची घाई

'एवढी बारीक चर्चा कशाला?' असं वाटेल. पण विश्वसनीयता न तपासता लहरींवरून माणसांविषयी बोललं की काय होतं, याची उदाहरणं दूर शोधायला नकोत. ती चुकांच्या लहरीची नाहीत, पण वळण तेच आहे. २००८ मध्ये आपल्या पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत लहरींच्या चाचणीचा पुरावा म्हणून आधार घेतला गेला. तिच्या शास्त्रीय आधाराबद्दल देशात आणि परदेशात प्रश्न उभे राहिले. ५ मे २०१० रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही.

दुसरं उदाहरण शाळेचंच. २०१९ मध्ये चीनच्या जिनहुआ शहरातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला मेंदूच्या लहरी मोजणारे पट्टे लावले होते. कोण किती एकाग्र आहे, याचे आकडे शिक्षकांकडे आणि पालकांकडे जात. त्याची चित्रफीत पसरली, लोक संतापले आणि स्थानिक शिक्षण विभागाने वापर थांबवायला लावला. प्रयोगशाळेत तज्ज्ञ माणसं जेल लावून, शांत खोलीत, शेकडो नोंदी घेऊनही 'बऱ्यापैकी' म्हणतात. आणि गोंगाटाच्या वर्गात, हलणाऱ्या मुलाच्या कपाळावरच्या पट्टीवरून एकाग्रतेचा आकडा?

आपल्याकडे बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग निघालेच. पालकांनी त्यासाठी हजारो रुपये मोजले. उद्या 'तुमचं मूल चुकांमधून शिकतं का? मेंदू-चाचणी करून घ्या' अशी पाटी लागली तर नवल वाटायला नको. तेव्हा विचारायचे प्रश्न आजच लिहून ठेवू:

१. या मुलाच्या किती चुकांवरून हा आकडा काढला?
२. हीच चाचणी पुढच्या आठवड्यात घेतली तर तेवढाच आकडा येईल, हे कशावरून?
३. विश्वसनीयता कोणत्या वयाच्या मुलांवर तपासली? आमच्या मुलाच्या वयाच्या?
४. खराब नोंदी किती होत्या आणि त्या कोणत्या नियमाने काढून टाकल्या?
५. या आकड्यावरून तुम्ही आम्हाला नेमकं वेगळं काय करायला सांगणार आहात?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर 'मुलाला चुकू द्या, चूक दाखवा, पुन्हा करू द्या' असंच येणार असेल, तर त्यासाठी डोक्याला तारा लावायची गरज नाही.

आपल्या वर्गासाठी यातून काय घ्यायचं?

मला या संशोधनातून रंगीत चित्रापेक्षा त्यामागची सवय जास्त मोलाची वाटते. एका चुकीवरून काही बोलायचं नाही, सहांवरूनही जपून बोलायचं, आणि आपलं माप किती डळमळीत आहे ते आकड्याशेजारीच लिहायचं.

आपण काय करतो? आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींमध्ये 'निष्काळजीपणे चुका करतो', 'चुकांमधून शिकत नाही' अशी वाक्यं किती सहज लिहितो! किती चुका बघून लिहितो? एक वही, एक चाचणी, आणि तीही बहुधा शेवटच्या तासाला घेतलेली. ते वाक्य पुढच्या वर्गशिक्षकांकडे जातं, पालकांकडे जातं आणि शेवटी मुलाच्या मनात जाऊन बसतं. ईईजीची नोंद खराब निघाली तर संशोधक ती काढून टाकतो. मुलाबद्दल लिहिलेलं वाक्य कोण काढून टाकणार?

साध्या गोष्टी करता येतात. एखाद्या मुलाविषयी ठाम नोंद लिहिण्याआधी वेगवेगळ्या दिवसांच्या, वेगवेगळ्या कामांतल्या चुका बघायच्या. कमी चुकणाऱ्या शांत मुलाबद्दल आपल्याला कमी माहिती आहे, हे ओळखून त्याला थोडं अवघड काम द्यायचं. एक-दोन गुणांच्या फरकावरून मुलांचे क्रम लावायचे नाहीत. आणि पालकांशी बोलताना 'तुमचा मुलगा असा आहे' याऐवजी 'या महिन्यात या कामांत असं दिसलं' असं म्हणायचं. वाक्य थोडं लांबतं, पण खरं होतं.

मूल चुकतं, थबकतं, खोडतं आणि पुन्हा लिहितं. ती दुसरी लहर आपल्याला दिसत नसली, तरी खोडरबराची ती खूण आपल्याला वहीत दिसते, आणि ती रोज दिसते. वर्षाच्या दोनशे दिवसांच्या नोंदी आपल्यापाशी आहेत. एवढ्या नोंदी कुठल्याच प्रयोगशाळेला मिळत नाहीत. त्या नीट बघूया, आणि त्यानंतरच मुलाविषयी काही लिहूया.